स्वस्तातला ट्यूब प्रीअँप घरच्या घरी कसा मोजायचा

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. हातात दिवसभर मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल. कुठलाही जॉब हातात घेण्याआधी मायक्रोमीटर मिटवून शून्य लागतो की नाही ते बघायचं, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. घरी ट्यूब प्रीअँप (पॉवर अँपच्या आधी सिग्नल वाढवणारा, काचेच्या ट्यूबवर चालणारा डबा) मोजायला बसलो तेव्हा मात्र मी नेमकं हेच केलं नाही. स्क्रीनवर ५० हर्ट्झला डोंगर उभा राहिला, डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सुरात नसलेली भेसळ, दीड टक्क्याच्या वर दिसलं. मी विक्रेत्याला ‘माल सदोष आहे’ असं कळवलं आणि प्रीअँप खोक्यात भरून टेप मारून ठेवला.

दोन दिवसांनी रात्री पुन्हा उघडला. त्या वेळी लॅपटॉपचा चार्जर लावलेला नव्हता. डोंगर गायब. मग एकेक करत शोधलं, तर डिस्टॉर्शनचा मोठा हिस्सा साउंडकार्डाच्या इनपुटचा निघाला. प्रीअँपचा आवाज तिथे जाऊन फाटत होता. विक्रेत्याची माफी मागितली. खानापूर-निपाणीकडची मुलं हल्ली असे प्रीअँप मागवतात आणि ‘दादा, हा आकडा बरोबर आहे का?’ म्हणून विचारतात. दर वेळी मी एकच विचारतो: प्रीअँप बाजूला ठेवून नुसती वायर मोजलीस का? हा लेख त्या प्रश्नाभोवतीच आहे.

काय काय लागेल

- लॅपटॉप, ज्याची बॅटरी निदान तासभर टिकते.
- लाइन इनपुट आणि लाइन आउटपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (बाहेरून लावायचं साउंडकार्ड), २४ बिटचा. फोकसराइट स्कार्लेट किंवा बेहरिंगर यूएमसी२०२एचडीसारखा साधा चालतो. लॅपटॉपच्या अंगच्या हेडफोन-माइक जॅकवर हे काम करू नका.
- आरईडब्ल्यू, म्हणजे रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. नाव खोलीच्या आवाजाचं असलं तरी विजेचा सिग्नल मोजायला ते उत्तम आहे.
- ट्रू आरएमएस मल्टिमीटर. इथे एक खड्डा आहे. घरोघरी असतो तो पिवळा डीटी-८३० मीटर एसीमध्ये फक्त २०० आणि ७५० व्होल्टच्या रेंजचा असतो. आपल्याला अर्धा-एक व्होल्ट मोजायचा आहे. तिथे त्याच्या आकड्याला काही अर्थ नाही. एसीची २ किंवा ६ व्होल्टची रेंज आहे का, हे विकत घेताना बघा.
- आरसीएच्या चांगल्या वायरी आणि इंटरफेसला लागणारे पाव इंची जॅक.
- पाव वॅटचे, एक टक्क्याचे रेझिस्टन्स: १ के, १० के, १०० के. दोन-दोन घ्या, आणि एक ६०० ओहमच्या आसपासचा.
- दोन रिकामे आरसीए प्लग, ज्यांची मधली पिन बाहेरच्या कडीला सोल्डर केलेली आहे. ह्यांना मी ‘शून्य प्लग’ म्हणतो.
- कागदपत्रं: खरेदीचं बिल, खोक्यातला स्पेसिफिकेशनचा कागद आणि तुमच्या ट्यूबची डेटाशीट.
- वही. मोबाइल नव्हे, वही.

रेझिस्टन्स आणि प्लग गावातल्या पार्टच्या दुकानात मिळतात. नाहीच मिळाले तर बंगळुरूचा एसपी रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडून कुरिअरने येतात. आपण मध्ये बसलोय, हा एक फायदाच.

१. झाकण उघडण्याआधी ओळख करून घ्या

पाच-सहा हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या बहुतेक डब्यांत ६जे१ ह्या सात पिनांच्या छोट्या चिनी ट्यूबा असतात. रशियन ६झेडएच१पी, अमेरिकन ६एके५ आणि युरोपियन ईएफ९५ ह्या तिच्याच जवळच्या बहिणी. थोड्या महाग यंत्रांत नऊ पिनांची १२एएक्स७ असते, जिला जुने रेडिओ दुरुस्तीवाले ईसीसी८३ म्हणून ओळखतात.

फरक महत्त्वाचा आहे. १२ व्होल्टच्या अडॉप्टरवर चालणाऱ्या ६जे१च्या डब्यांत आतला डीसी बहुधा पन्नासच्या खालीच असतो. १२एएक्स७ नीट चालवायची तर २०० ते ३०० व्होल्ट डीसी लागतात, आणि हे व्होल्ट बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये बसून राहतात. असा डबा उघडायची ह्या लेखातल्या एकाही पायरीला गरज नाही. म्हणून उघडू नका.

अडॉप्टरवरचा मजकूर वाचा. ‘१२ व्होल्ट एसी’ असं लिहिलेलं असेल तर तो खराब झाल्यावर १२ व्होल्ट डीसीचा लावून चालत नाही. आत व्होल्टेज दुप्पट करणारी जोडणी असते आणि ती एसीवरच काम करते. डीसीवर ट्यूब लाल दिसेल, आवाज मात्र येणार नाही किंवा फाटका येईल. लाल दिसण्यावरूनही काही ठरवू नका, बऱ्याच डब्यांत ट्यूबच्या खाली नारिंगी एलईडी बसवलेला असतो. काहींमध्ये सिग्नल ट्यूबबरोबर आयसीतूनही जातो. तेव्हा आपण मोजणार तो अख्खा डबा, एकटी ट्यूब नव्हे, हे लक्षात असू द्या.

२. आधी नुसती वायर मोजा

इंटरफेसच्या आउटपुटमधून वायर काढून त्याच्याच इनपुटला लावा. ह्याला लूपबॅक म्हणतात; आमच्या भाषेत मायक्रोमीटर मिटवणं.

आउटपुट बॅलन्स्ड, म्हणजे तीन तारांचं असेल आणि तुम्ही ते आरसीएवर उतरवत असाल तर जॅकच्या टोकाची तार मधल्या पिनेला, बुडाची तार कडीला जोडा आणि मधल्या रिंगची तार मोकळी सोडा. इनपुटच्या बाजूला मात्र रिंग आणि बूड एकत्र जोडा. बाजारातली तयार वायर घेतली तर आत काय जोडलंय ते मल्टिमीटरच्या बीपवर तपासा.

आरईडब्ल्यूमध्ये जनरेटर उघडा, १ किलोहर्ट्झचा साइन (एकच शुद्ध सूर) लावा, आरटीए (कुठली फ्रीक्वेन्सी किती आहे ते दाखवणारा आलेख) चालू करा. एफएफटीची, म्हणजे सिग्नल फ्रीक्वेन्सींत फोडणाऱ्या गणिताची, लांबी ६५५३६, सरासरी १६ वेळांची. जनरेटरमध्ये फ्रीक्वेन्सी एफएफटीला बांधून ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा. नाही केला तर साइनच्या पायथ्याशी घागर्‍यासारखा घेर दिसतो आणि डिस्टॉर्शनचा आकडा उगीच वाढतो.

विंडोजमधले सगळे ‘आवाज सुधारणारे’ पर्याय बंद करा. सॅम्पल रेट विंडोजमध्ये आणि आरईडब्ल्यूमध्ये एकच ठेवा. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर तेही बंद. ते चालू राहिलं तर इनपुट पुन्हा आउटपुटमध्ये मिसळतो आणि तुम्ही गोल गोल फिरत राहता.

आता पातळी हळूहळू वाढवत बघा कुठे डिस्टॉर्शन सगळ्यात कमी येतं. बऱ्याच स्वस्त इंटरफेसमध्ये ते पूर्ण पातळीला नसतं, पाच-दहा डेसिबल खाली असतं. तो आकडा वहीत लिहा. ही तुमच्या मोजपट्टीची बारीकी. लूपबॅकमध्येच ०.०१ टक्का येत असेल तर प्रीअँपचं ०.००५ टक्के तुम्हाला कधीच दिसणार नाही. ट्यूबच्या कामाला ०.०१ पुष्कळ झालं, ते पुढे कळेलच.

३. मोजपट्टीवर व्होल्टाच्या खुणा पाडा

साउंडकार्डाला व्होल्ट कळत नाहीत, त्याला फक्त ‘पूर्ण पातळीच्या इतकं खाली’ एवढंच कळतं. जनरेटरवर ४०० हर्ट्झ लावा. साध्या मल्टिमीटरचा एसी ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचा राहत नाही, म्हणून १ किलोहर्ट्झ इथे नको. वायर इनपुटला लागलेली असतानाच तिच्या टोकावर एसी व्होल्ट मोजा.

समजा मीटर ०.६२ व्होल्ट दाखवतो आणि आरटीए पूर्ण पातळीच्या १४ डेसिबल खाली दाखवतो. १४ डेसिबल म्हणजे पाचपट. म्हणजे तुमचं इनपुट ३.१ व्होल्टला भरतं. आरईडब्ल्यूमध्ये पूर्ण पातळीचा साइन किती व्होल्टचा, हे सांगायची सोय आहे; तिथे हा आकडा भरला की पुढचं सगळं व्होल्टात दिसतं.

इनपुटच्या गेनच्या (सिग्नल किती पट वाढवायचा त्या) बटणावर मार्कर पेनने रेघ मारा. शॉपमध्ये सेट केलेल्या गेजवर आम्ही रंगाचा ठिपका देतो तो ह्यासाठीच. बटण एक केस हललं तरी ही पायरी पुन्हा करायची.

प्रीअँप तीन व्होल्टाच्या वर देत असेल तर मध्ये उतार लावा: १० के आणि १ के असे दोन रेझिस्टन्स एकापुढे एक लावायचे आणि १ केच्या दोन टोकांवरून इंटरफेसला घ्यायचं. कागदावर हा अकरापट उतार आहे. इंटरफेसचं स्वतःचं इनपुट १० केचं असेल तर प्रत्यक्षात तो बारापट होतो. कागदावरचं धरू नका, मीटरने मोजून लिहा.

४. जोडणी, अर्थिंग आणि घरातली वीज

ह्या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा. तीन पिनांचा चार्जर लागला की चार्जरची अर्थ, यूएसबीची वायर, इंटरफेस, आरसीएची कडी, प्रीअँप आणि त्याचा वीजपुरवठा असं एक कडं तयार होतं, आणि त्या कड्यात ५० हर्ट्झ फिरतो. दोन पिनांचा चार्जर असेल तर वेगळाच त्रास: डब्याच्या धातूला बोट लावलं की झिणझिण्या येतात. त्या चार्जरच्या आतल्या बारीक कंडेन्सरमधून गळणाऱ्या करंटच्या असतात, आणि तो करंट आरसीएच्या कडीवरून तुमच्या मोजणीत उतरतो.

कुणीतरी सांगेल, अर्थची पिन कापून टाक, आवाज जातो. कापू नका. आवाज जातो हे खरं, पण ज्या दिवशी ट्रान्सफॉर्मर आत शॉर्ट होईल त्या दिवशी डब्याच्या धातूवर २३० व्होल्ट असतील आणि तुमचा हात.

त्याऐवजी अर्थ जिवंत आहे का ते बघा. सॉकेटमध्ये मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल मोजा, मग फेज-अर्थ, मग न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळजवळ सारखे आणि तिसरा दोन-चार व्होल्टाच्या आत हवा. जुन्या कौलारू घरांत अर्थची तार सॉकेटपर्यंत येते आणि पुढे परसातल्या पट्टीपाशी गंजून तुटलेली असते. हे मोजताना हात वाळलेले, पायात चप्पल. जमत नसेल तर वायरमनला बोलवा, त्यात कमीपणा नाही.

आता वीज. मी वडगावात राहतो. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. दिवसा माग चालू असताना माझ्या सॉकेटवर २०८ ते २१५ व्होल्ट मिळतात, रात्री अकरानंतर २३८. ज्या प्रीअँपमध्ये फिलामेंटचा (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेचा) पुरवठा रेग्युलेट केलेला नाही, तिथे हा फरक थेट ट्यूबवर जातो. ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला दहा टक्के खाली म्हणजे ५.७ पर्यंत चालतं. २३० चे २०७ झाले की तुम्ही बरोबर त्या काठावर असता. त्यामुळे प्रत्येक मोजणीशेजारी सॉकेटचे व्होल्ट लिहा. हे न लिहिल्यामुळे मी आठवडाभर एकाच ट्यूबचे दोन वेगळे स्वभाव बघत बसलो होतो.

पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, सगळं बंद. आणि करंट गेला की मोजणी थांबवा. साध्या इन्व्हर्टरची लाट गोल नसते, चौकोनी पायऱ्यांची असते. त्यावर मोजलं तर ५०च्या पटीतल्या सुळक्यांचं रान उगवतं आणि ते प्रीअँपचं नसतं.

५. तापू द्या

निदान अर्धा तास. नवी ट्यूब असेल तर पहिल्या दिवशी नुसती चालू ठेवा. तापण्याआधीचा आणि नंतरचा आकडा दोन्ही एकदा घेऊन बघा, मग मला विचारावं लागणार नाही. आणि एक: प्रीअँप चालू किंवा बंद करताना इंटरफेसची वायर काढलेली असू द्या. चालू होताना डीसीचा धक्का बाहेर येतो, तो इंटरफेसच्या इनपुटला नको.

६. गेन

४०० हर्ट्झ, प्रीअँपला ०.५ व्होल्ट द्या, व्हॉल्यूम पूर्ण. बाहेर २.१ व्होल्ट आले तर ४.२ पट, म्हणजे साडेबारा डेसिबल. दोन्ही चॅनल मोजा. मग व्हॉल्यूम अर्ध्यावर आणून पुन्हा दोन्ही मोजा. स्वस्त पॉटमध्ये (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या बदलत्या रेझिस्टन्समध्ये) डावं-उजवं खालच्या बाजूला जुळत नाही. एक-दोन डेसिबलचा फरक दिसला तर तो पॉटचा, ट्यूबचा नाही.

७. डिस्टॉर्शन: आकड्यापेक्षा आकार बघा

१ किलोहर्ट्झवर या. जनरेटरची पातळी अशी ठेवा की प्रीअँप बाहेर १ व्होल्ट देईल. आरटीएवर १ किलोहर्ट्झचा उंच सुळका आणि पुढे २, ३, ४, ५ वर छोटे सुळके दिसतील. त्यांच्या उंचीवरून आरईडब्ल्यू टक्का काढून देतं. हिशेब सोपा आहे: ४० डेसिबल खाली म्हणजे १ टक्का, ६० खाली म्हणजे ०.१, ८० खाली म्हणजे ०.०१.

माझ्या ६जे१च्या डब्यात १ व्होल्टला दुसरा सुळका ५२ डेसिबल खाली आला, म्हणजे पाव टक्का. तिसरा ७५ डेसिबल खाली. चौथ्यापुढचे नॉइजमध्ये बुडालेले. आयसीच्या प्रीअँपशी तुलना केली तर हा पाव टक्का शंभरपट वाईट दिसतो. पण हे सुळके काय आहेत ते ज्यांनी तंबोरा लावलाय त्यांना चटकन कळेल. १ किलोहर्ट्झला सा माना. दुसरा सुळका म्हणजे वरच्या सप्तकातला सा. तिसरा त्याच सप्तकातला पंचम. चौथा आणखी वरचा सा. पाचवा त्याच्या पुढचा गंधार, तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तोच. इथपर्यंत सगळे सुरात बसणारे. सातवा मात्र कोमल निषादाच्याही खाली घसरलेला, कुठल्याच पट्टीत न बसणारा. म्हणून दुसऱ्याचा पाव टक्का कानाला जड जात नाही आणि सातव्याचा ०.०२ टक्का डोकं दुखवू शकतो. एकच टक्क्याचा आकडा लिहून मोकळे होऊ नका. दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा, चारही वेगळे लिहा.

आता दोन परीक्षा. ह्या केल्याशिवाय कुणालाही आकडा सांगू नका.

पहिली: जनरेटर ६ डेसिबल खाली घ्या. दुसरा सुळका मूळ सुराच्या तुलनेत साधारण ६ डेसिबल खाली जायला हवा, तिसरा साधारण १२. ट्यूब आरामात चालत असली की ती असंच वागते. दुसरा जागचा हललाच नाही तर तो ट्यूबचा नसून दुसऱ्या कशाचा तरी आहे.

दुसरी: पातळी परत आणा आणि प्रीअँप व इंटरफेसच्या मध्ये पायरी ३ मधला उतार लावा. प्रीअँप तेच काम करतोय, फक्त इंटरफेसपर्यंत कमी पोचतंय. उतारालाही प्रीअँपवर भार आहे, त्यामुळे एखादा डेसिबल इकडेतिकडे होईल. पण टक्का झपकन खाली आला तर आधी दिसत होतं ते डिस्टॉर्शन इंटरफेसचं होतं. माझा दीड टक्का असाच पाव टक्क्यावर आला होता.

हे जमलं की ०.२५, ०.५, १, २, ३ व्होल्ट असं चढत जा आणि प्रत्येक पायरीचं डिस्टॉर्शन लिहा. एका ठिकाणी तिसरा आणि पाचवा अचानक उसळतात. तिथे ट्यूबची हद्द संपली. पॉवर अँपला जास्तीत जास्त किती व्होल्ट लागतात ते त्याच्या कागदावर असतं. हद्द त्याच्या वर असली की झालं.

वेळ असेल तर १९ आणि २० किलोहर्ट्झ एकदम सोडून बघा. दोघांच्या वजाबाकीचा १ किलोहर्ट्झला सुळका उगवतो. तो कमी असेल तर झांजा आणि टाळ एकत्र वाजतात तेव्हा खाली गढूळपणा येत नाही. भजनाचं रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला ह्या चाचणीचा उपयोग आहे.

८. नॉइज आणि गुणगुण

जनरेटर बंद. प्रीअँपच्या इनपुटमध्ये शून्य प्लग घाला. इनपुट मोकळं ठेवून मोजणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. मोकळी पिन अँटेनाचं काम करते. शून्य प्लगऐवजी ६०० ओहमचा रेझिस्टन्स लावून केलेली मोजणी जास्त खरी, कारण गाणं वाजवणारं यंत्र काही शून्य ओहमचं नसतं. दोन्ही करा.

आलेखावर नॉइजची रेघ १२० डेसिबल खाली दिसली म्हणून ‘नॉइज १२०’ असं लिहू नका. एफएफटी नॉइजचे हजारो बारीक तुकडे करून एकेका तुकड्याची उंची दाखवते. ६५५३६ लांबीला रेघ खऱ्या नॉइजपेक्षा सुमारे ४५ डेसिबल खाली दिसते. खरा आकडा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झची बेरीज करून मिळतो आणि आरईडब्ल्यू तो लिहून दाखवतं. तो ०.३ मिलिव्होल्ट असेल आणि तुम्ही २ व्होल्टशी तुलना करत असाल तर साडेशहात्तर डेसिबल. स्वस्त ट्यूबच्या डब्याला हे ठीकठाक आहे.

मग सुळके कुठे आहेत ते बघा. एकटा ५० उंच असेल तर बहुधा वायरींचं कडं किंवा ट्रान्सफॉर्मरची जवळीक. अडॉप्टर हातभर लांब सरकवून बघा. १००, २००, ३०० असे उंच असतील तर रेक्टिफायरनंतरचा गाळणीचा कंडेन्सर दमला असण्याची शक्यता. व्हॉल्यूम शून्यावर आणा: गुणगुण तशीच राहिली तर ती पॉटच्या पुढे तयार होतेय, गेली तर इनपुटकडून येतेय. हे एका बटणाचं निदान फार कामाचं आहे.

९. फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स आणि आउटपुटचा दम

सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ करा आणि १० हर्ट्झपासून ४० किलोहर्ट्झपर्यंत स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घ्या. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत कुठे ३ डेसिबल पडतं ते लिहा. इंटरफेसचा स्वतःचा स्वीप लूपबॅकमध्ये आधी घेऊन ठेवा, आणि तो वजा करा.

खालचा सूर पुढच्या यंत्रावर अवलंबून असतो. आउटपुटचा कंडेन्सर १ मायक्रोफॅरडचा आणि पुढे १० के असेल तर १६ हर्ट्झला ३ डेसिबल पडतं. तोच १०० केवर १.६ हर्ट्झ. कंडेन्सर ०.४७चा असेल तर १० केवर ३४ हर्ट्झ, म्हणजे पखवाजाची धुम थोडी खाल्ली जाते. ‘बास कमी वाटतो’ ही तक्रार ट्यूब बदलून जात नाही, ती इथली असते.

आउटपुटचा अंतर्गत विरोध असा काढा: इंटरफेस काढून टाका, ४०० हर्ट्झ जनरेटरचं चालू ठेवा, आउटपुटवर फक्त मल्टिमीटर. १ व्होल्ट येतील असं ठेवा. मग १० केचा रेझिस्टन्स आउटपुटवर आडवा लावा. ०.८ व्होल्टवर आलं तर १ भागिले ०.८ म्हणजे १.२५, त्यातून १ वजा केला की ०.२५, गुणिले १० के म्हणजे अडीच के. पुढच्या पॉवर अँपचं इनपुट ह्याच्या दहापट तरी हवं.

१०. एका चॅनलचं दुसऱ्यात

डाव्याला १ किलोहर्ट्झ, उजव्याला शून्य प्लग, उजव्याच्या आउटपुटवर मोजा. मग उलट. १० किलोहर्ट्झलाही एकदा. ५० डेसिबलच्या खाली असेल तर पुढे चला.

११. ट्यूब ऐकते का

ट्यूबच्या आतली जाळी आणि पत्रे हलले की त्यातून विजेचा सिग्नल तयार होतो. म्हणजे ट्यूब थोडासा मायक्रोफोन असते. आरटीए चालू ठेवून पेन्सिलीच्या खोडरबराच्या टोकाने ट्यूबवर हलकी टिचकी मारा. काही शे हर्ट्झपासून एखाद-दोन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एक-दोन ठिकाणी उसळी दिसते आणि विरते. किती उंच आणि किती वेळ, हे बघा. एक ट्यूब अर्ध्या सेकंदात गप्प होते, दुसरी घंटीसारखी गुंजत राहते. गुंजणारी बदला. चार-सहा ट्यूबा मागवून शांत जोडी निवडणं हा ह्या डब्यावरचा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च आहे.

माझ्याकडे ही टिचकी मारायला मागच होते. टेबलावर हात ठेवला की धोट्याचा ठोका बोटांना जाणवतो. एका दुपारी नॉइज मोजताना ६५० हर्ट्झच्या जवळ एक टेकाड दिसलं, जे रात्री दिसत नव्हतं. शेजारच्या काकांना विचारलं, तर म्हणाले, ‘अरे मग सांगायचं की. जेवायच्या सुट्टीत बंदच असतात, तेव्हा मोज.’ सुट्टीत माग थांबले आणि माझ्या डोळ्यांसमोर टेकाड खाली बसलं. पाच मिनिटांनी माग सुरू झाले, ते परत उठलं. ५० हर्ट्झच्या पटीत नसलेला, तासातासाला बदलणारा सुळका दिसला तर आधी घरात काय हलतंय ते शोधा: पिठाची गिरणी, बोअरची मोटर, कूलर.

उपाय म्हणून मी प्रीअँपखाली घोंगडं चौपदरी घडी करून ठेवलं. टेकाड दहा-बारा डेसिबल उतरलं. मात्र खालच्या आणि बाजूच्या हवेच्या फटी बुजवू नका, डबा तापतो.

१२. नोंद कशी ठेवायची

आरईडब्ल्यूची फाइल जतन करताना नावात तारीख, चॅनल, आउटपुटचे व्होल्ट आणि ट्यूबची खूण घाला. ट्यूबच्या काचेवर लिहू नका, तापल्यावर शाई उडते आणि हाताचं तेल लागतं. तळाशी पिनांजवळ छोटा ठिपका द्या आणि वहीत त्या ठिपक्याचा रंग लिहा. डावी-उजवी ट्यूब अदलाबदल करून पायरी ७ आणि ८ पुन्हा करा. दोष ट्यूबबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर ट्यूबचा, जागेवरच राहिला तर सर्किटचा. विक्रेत्याला लिहायचं असेल तर ह्यानंतर लिहा, सोबत लूपबॅकचा आलेख आणि प्रीअँपचा आलेख असे दोन्ही जोडा.

माझ्या वहीत एका पानावर एक मोजणी असते: वरती सॉकेटचे व्होल्ट, तापायला दिलेली मिनिटं, माग चालू की बंद. खाली आकडे. सहा महिन्यांनी त्याच रात्रीच्या वेळी, त्याच वायरींनी, मार्करच्या त्याच रेघेवर बटण ठेवून परत मोजा. दुसरा सुळका दोन-तीन डेसिबल चढला असेल तर काळजी नाही. गेन उतरलेला आणि नॉइज चढलेला असे दोन्ही एकदम दिसले, तर ट्यूबची नवी जोडी मागवायची वेळ झालीय.